एका माणसाची वर्गणी

प्रिय भुंग्या,

तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, तक्ताच होता तो. डावीकडे सगळे प्लॅन, उजवीकडे त्यांचे भाव, आणि खाली लाल अक्षरांत ‘ताई, या आठवड्यात सांग’. लहानपणी गोळ्या घ्यायला गेलास तरी दुकानदाराला असाच हैराण करायचास. सगळ्या बरण्यांचे भाव विचारून शेवटी पहिल्याच बरणीकडे बोट. असो. बाबांच्या व्यायामाच्या सायकलची वर्षाची वर्गणी महिनाअखेर संपतेय, कंपनीने भाव वाढवलाय, आणि तुला विचारायचंय की आहे तेच चालू ठेवायचं, स्वस्तातल्या प्लॅनवर उतरायचं, की सरळ बंद करून टाकायचं. त्याखाली तू आणखी एक ओळ लिहिलीयस, ‘दोनदा घाबरवलं त्या यंत्राने, दोन्ही वेळा खोटं निघालं. भीती विकत घ्यायला पैसे कोण भरेल?’ ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तिचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. घरचा फोन तुला ठाऊकच आहे. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर, आणि आई ओट्यापाशी उभी राहून आपण काय बोलतो तेच नाही, कुठे गप्प बसतो तेही ऐकत असते. दुकानातून करावा तर तू अर्ध्यातच माझ्यावर ओरडशील, पुढचं ऐकणार नाहीस.

दुपारची वेळ आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय आणि कापायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलेय. शेजारी बँकेतल्या बाईंचा कोट बाह्या उसवून पडलाय. संध्याकाळी त्या घ्यायला येतील आणि तो तयार नाही म्हणून माझ्या नावाने ओरडतील. आज ओरडू देत.

तर तुझा तक्ता. मी तो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिला आणि वर्षभरापूर्वी म्हणाले होते तेच पुन्हा म्हणाले, ‘विकत घेतली ना सायकल? मग भाडं कसलं?’ आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो. ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाही ती वस्तू आपली नाही, असं त्यांचं ठाम मत. लिफ्ट बंद पडली तर निदान जिना असतो, हे बंद पडलं तर भिंतीकडे बघत पाय हलवायचे का, असंही विचारून झालं. तसं त्यांचं अगदीच चुकत नाही. वर्गणी थांबली की पेडल फिरतं, पण स्क्रीन काळी होते आणि पैसे भरा, पैसे भरा म्हणत राहते. स्वस्तातल्या प्लॅनमध्ये नुसती वेळ आणि अंतर दिसतं. मधल्यात स्क्रीनवर त्या शिकवणाऱ्या बाई येतात, पण छातीला बांधायचा पट्टा नुसता शोभेला. महागातल्यात बाईही येतात आणि पट्टाही चालतो, ठोक्यांचा आलेख निघतो, आणि काही वावगं दिसलं की तुला तिकडे निरोप जातो. आपण महागातला घेतला तो त्या निरोपासाठीच. बाबांच्या हृदयात दोन स्टेंट बसलेले, तू इतक्या लांब, तुझा जीव टांगणीला. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

तुला आठवतं का, तेव्हाही तू असाच तक्ता पाठवला होतास. त्यात आणखी एक रकाना होता, एका माणसासाठी आणि सगळ्या घरासाठी. घराचा प्लॅन बराच महाग होता. तू मला फोनवर विचारलंस, ‘बाबांशिवाय कोण बसणार आहे त्याच्यावर?’ मी म्हटलं, ‘कोण बसणार? आईला जिना चढला तरी धाप लागते.’ आपण दोघंही हसलो आणि एका माणसाचा प्लॅन घेतला. हे मी तुला टोचायला लिहीत नाहीये. त्या वेळी तोच हिशेब बरोबर वाटला, आणि आजही एखादीने दुकानात येऊन मला विचारलं असतं तर मी तोच सल्ला दिला असता.

सायकल आली तो दिवस तू व्हिडिओवर पाहिलास, पण त्यात सगळं आलं नाही. आणणाऱ्या दोघांनी ती जिन्यावरून वर चढवताना बाबा मध्ये मध्ये सूचना करत होते, इतक्या की त्यातल्या एकाने शेवटी ती पायरीवर टेकवून विचारलं, ‘काका, तुम्हीच उचलता का?’ मागच्या खोलीत आईच्या इस्त्रीच्या टेबलाची जागा तिने घेतली. इस्त्रीचं टेबल गेलं पॅसेजमध्ये, तिथून येता जाता सगळ्यांच्या कमरेला लागायला लागलं. आई तिथेच उभी राहून इस्त्री करायला लागली. पहिला आठवडा बाबांनी इमानेइतबारे पेडल मारलं. त्या स्क्रीनवरच्या बाई ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणायला लागल्या की बाबा त्यांना उलट उत्तरं द्यायचे. मग हळूहळू त्यांची गाडी बागेकडे वळली. तिथे त्यांच्या वयाचे चारजण आहेत, बसायला बाक आहे, भांडायला विषय आहेत. बाबा रोज संध्याकाळी बूट घालून जातात, चांगले भरभर चालतात, घामाघूम होऊन येतात. त्यांची तब्येत खरोखर सुधारली आहे, हे मी तुला आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू भलताच घाबरायला नको.

पण तुझ्या फोनवर रोज दिसत होती ती सायकल, आणि मी धरून चालले होते की बाबा घरी तीही चालवतात. तू दर रविवारी फोन करून म्हणायचास, ‘बाबा, शाबास! काय मस्त आलेख आहे या आठवड्याचा!’ आणि बाबा फुशारून म्हणायचे, ‘मग! एक दिवस चुकवत नाही.’ मला वाटायचं, तू आणि बाबा इतकं गोड कधी बोलत होतात? पूर्वी तुम्ही दोघं बोलायला लागलात की मधे मला पंच म्हणून बसावं लागायचं. आता तू आकडे वाचून दाखवायचास, ते हुंकार भरायचे, फोन संपायचा. आईला तू शेवटी ‘काय आई, बरी ना?’ विचारायचास आणि ती ‘मला काय झालंय’ म्हणायची. रागावू नकोस, माझंही तेच चाललेलं होतं. मी आठवड्यातून दोनदा घरी जाते ते बाबांच्या गोळ्या भरून ठेवायला. आईच्या हातचा चहा पिते, डबा घेते आणि निघते.

मग तो पहिला निरोप आला. ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा. तू कामावरून उठून मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज ओळखू येत नव्हता. मी दुकान तसंच टाकून गाडी काढली, घरून आईला घेतलं, बाबांना बागेतल्या बाकावरूनच उचललं. ते ओरडत होते, मला काही झालेलं नाही, आणि त्यांचे मित्र बिचारे घाबरून गाडीच्या काचेला चिकटले होते. दवाखान्यात बाबांच्या छातीला तारा लावल्या, पट्टीवर आलेख काढला, मग एक दिवसभर अंगावर यंत्र चिकटवून घरी पाठवलं. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ठोका घड्याळासारखा आहे, रोजचा व्यायाम मानवलाय. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांच्यावर खोटा आळ घेतला होता. तू कंपनीशी भांडलास. त्यांनी माफी मागून नवा पट्टा पाठवला. त्यानंतर बरेच दिवस तुझा आलेख रिकामा राहिला, आठवतं? तू बाबांवर चिडलास, ‘एवढ्याशा कारणावरून व्यायाम सोडता?’ आणि बाबा गोंधळून म्हणाले, ‘अरे सोडलाय कुठे? रोज जातो की!’ तुला वाटलं, म्हातारा थापा मारतोय. तुझा आवाज त्या दिवशी रडवेला झाला होता, स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवसापासून आलेख पुन्हा सुरू झाला. पुढे दुसरा निरोप, पुन्हा गाडी, पुन्हा तारा, पुन्हा काही नाही. डॉक्टर हसले, अशी यंत्रं कधी कधी चुकतात म्हणाले. एवढं सगळं झाल्यावर तू ती लाल ओळ लिहिलीस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. मी तर मनातल्या मनात उत्तरही ठरवून टाकलं होतं, बंद कर. सायकल विकून टाकू, इस्त्रीचं टेबल परत जागेवर जाईल, माझ्या कमरेवरचे निळे डागही जातील.

तरी तू म्हणालास ना, एकदा स्वतः बघून ये, वापर नीट होतो की नाही. म्हणून गेल्या रविवारी मी न सांगता गेले, बाबांच्या फिरायला जायच्या वेळेनंतर. खरं तर बाबा घरी असताना जायला हवं होतं, पण म्हटलं, ते नसताना यंत्र शांतपणे पाहता येईल. माझ्याकडे किल्ली आहे. घरात शिरले तर मागच्या खोलीचं दार बंद आणि आतून गाणं. ‘अजून थोडं’ही ऐकू आलं. मला वाटलं, बाबा आज बागेत गेलेच नाहीत. दार ढकललं तर सायकलवर आई.

भुंग्या, तिच्या अंगात बाबांची जुनी ट्रॅकपँट होती. खालून दुमडून हातशिलाई घातलेली. ती शिलाई मी कुठेही ओळखेन, मला टाका घालायला शिकवला तो तिनेच. बसायची सीट पार खाली आणलेली, बाबा त्यावर बसले असते तर गुडघे हनुवटीला लागले असते. केस वर बांधलेले, चेहरा लाल, छातीला तो पट्टा. मला पाहून ती अशी दचकली की पेडलवरचा पाय सुटला. तिने आधी स्क्रीन बंद करायला हात पुढे केला. स्क्रीनवर बाबांचं नाव होतं, त्याखाली लांबच लांब आलेख. मग म्हणाली, ‘जरा फिरवत होते. तुझे बाबा म्हणतात, बंद मशीन खराब होतं.’

आणि ते खरंच होतं. सगळं त्याच वाक्यापासून सुरू झालेलं. बाबा बागेत जायला लागले तेव्हा त्यांनीच तिला सांगितलं होतं, नुसती उभी राहिली तर जाम होईल, अधूनमधून फिरवत जा. लिफ्टवाल्याची सवय, बंद इमारतीतलीसुद्धा लिफ्ट वरखाली करून यायचे ते. तिने एक दिवस पुसता पुसता हाताने पेडल फिरवलं, मग वर चढून बसली. स्क्रीन आपोआप सुरू झाली, बाबांचं नाव तिथे आधीपासूनच होतं, दुसरं कुणाचं घालायची सोयच नव्हती. पट्टा बांधा, असं स्क्रीनवरच्या बाई म्हणाल्या म्हणून आईने हँडलवर टांगलेला पट्टा बांधला. पुढच्या रविवारी तुझा फोन आला, ‘बाबा, शाबास!’ बाबांना वाटलं, खिशातला फोन चालणं मोजतोय आणि पोराला तिकडे कळतंय. आईने ओट्यापाशी ऐकलं. तिला हसू आलं म्हणे. बाबा खोटं बोलत नव्हते, तूही काही चुकीचं बोलत नव्हतास, आणि ती तर काहीच बोलली नव्हती. बाबा ज्या वेळी बाहेर पडायचे त्याच वेळी ती खोलीत शिरायची, त्यामुळे वेळाही जुळत गेल्या.

मी खाली फरशीवर बसले आणि ती सीटवरून न उतरता सांगत राहिली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, सुरुवातीला दोन मिनिटांत धाप लागायची. मग त्या बाई म्हणाल्या, आज जिथे थांबाल तिथून उद्या एक पाऊल पुढे. मग तिला नादच लागला. त्यांच्या व्हिडिओत रस्ते दिसतात, समुद्राकाठचे, डोंगरातले. ती म्हणाली, ‘मी त्या सगळ्या रस्त्यांवरून जाऊन आले. तुझ्या बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, भिंतीसमोर बसून कुठे जाऊन आलीस?’ दार बंद करून घरात एक तास काढायचा, आणि त्या तासात कुणी हाक मारायची नाही, असं तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असणार. हे तिने बोलून दाखवलं नाही, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पंचाहत्तरीकडे निघालेली बाई, आणि चेहरा शाळेतून पळून गेलेल्या पोरीसारखा. मला एकदम तिचा हेवा वाटला आणि लगेच रडूही आलं. मी म्हटलं, ‘अगं आई, आम्हाला सांगितलं असतंस तर घराचा प्लॅन घेतला असता.’ ती म्हणाली, ‘माझ्यासाठी कशाला एवढा खर्च.’ तुला ठाऊकच आहे ती हे कसं म्हणते. आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि प्रत्येक वेळी ते खरं मानून मोकळे झालोय.

एवढं ऐकून मी हसत उठले असते, तुला फोन करून म्हणाले असते, घे, तुझी चॅम्पियन सापडली. पण तिने पुन्हा पेडल मारायला सुरुवात केली, मला दाखवायला, आणि थोड्याच वेळात थांबली. उजवा हात छातीच्या मधोमध ठेवून मान खाली घालून बसली. गाणं चालूच होतं. मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, ‘काही नाही, मध्ये मध्ये अडखळतं. थांबलं की होतं बरोबर.’ इतकं सहज, जणू नळाला मधेच पाणी येत नाही म्हणून सांगतेय. मी विचारलं, कधीपासून? तिने पट्टा सैल केला. पुन्हा विचारलं. मग म्हणाली, ‘पहिल्या निरोपाच्या आधीपासून.’ म्हणजे आपण बाबांना तारा लावून घेत होतो तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. दवाखान्यात तिने डॉक्टरांना विचारलं होतं, ‘हे असं बाईमाणसालाही होतं का हो?’ तेव्हा मीच तिच्यावर खेकसले होते, आई, आत्ता बाबांचं चाललंय ना! त्यानंतर तिने सायकल सोडली होती. मग तुझा तो रडवेला आवाज ऐकला, आणि पोरगं तिकडे एकटं काळजी करतंय म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा बांधला.

मी भडकले. आयुष्यात तिच्यावर इतक्या जोरात ओरडले नव्हते. तू मूग गिळून का बसलीस, जिवावर बेतलं असतं तर काय केलं असतंस, सगळं बोलले. ती ट्रॅकपँटच्या घडीवरून हात फिरवत ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तुम्ही सायकल बंद केली असती.’ भुंग्या, केलीच असती.

आता हे पत्र का लिहिलं ते. सोमवारी मी तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, आणि या वेळी ते हसले नाहीत. हृदयातली एक झडप अरुंद झालीय, रक्त पुढे ढकलताना ठोका अडखळतो, आणि अशा अवस्थेत ती वर्षभर डोंगर चढत होती. झडप बदलावी लागेल, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे. वयामुळे धोका आहे, तो किती हे त्यांनी सांगितलंय, पण मला तो आकडा लिहिवत नाही. आईने माझ्याकडून वचन घेतलंय की सगळं पार पडेपर्यंत तुला कळवायचं नाही, आणि मी ते इथे मोडतेय. वर्गणी बंद करू नकोस, आज तर मुळीच नको. डॉक्टरांना पट्ट्याचे वर्षभराचे आकडे हवेत, आणि त्याचा पासवर्ड तुझ्याकडे आहे. त्या यंत्राने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा ते खरं बोललं, आणि दोन्ही वेळा आपण भलत्याच माणसाला गाडीत पुढे बसवून धावलो. जिचं हृदय अडखळत होतं ती मागच्या सीटवर बाबांची पाण्याची बाटली मांडीवर धरून बसली होती, आणि मी आरशातून तिला म्हणत होते, आई, तू घाबरू नकोस. वर्षभर तू रोज न चुकता जो आलेख पाहिलास, ज्याला शाबासकी दिलीस, तो तिचा होता. तिचा एवढा रोजचा ठोका आपल्यापैकी कुणीच कधी ऐकला नव्हता, तूच ऐकलास, आणि तुला माहीतच नव्हतं. मिळेल त्या विमानाने ये. शुक्रवारच्या आत पोचलास तर तिला आत नेण्याआधी तिच्याशी बोल. नाहीच जमलं तर फोन कर, मी स्पीकर बंद करून तिच्या कानाला लावेन, आणि तेव्हा बाबांची चौकशी करू नकोस.

तुझीच,
ताई